नाव नेलं, कुत्रं ठेवलं

"हा मॅडमच्या नावाचा," असं म्हणून झुंबरबाईने बारक्याच्या कानामागचा टपोरा गोचीड चिमट्यात धरला, सरळ ओढला आणि डालड्याच्या जुन्या डब्यातल्या साबणाच्या पाण्यात सोडला. "हा साहेबाच्या. आन् हा पुन्यांदा मॅडमच्या."

"साहेबाला एक न् मॅडमला दोन?" पायरीवर बसून दाढी करणाऱ्या गहिनीनाथने आरशातूनच विचारलं.

"साहेब ड्यूटीवर असायचा. कुत्र्याचं समदं मॅडमच बघायची. ज्याच्या त्याच्या मापानं द्यायचं. आपन कुनावर अन्याव करीत न्हाई."

बारक्या शेवग्याच्या सावलीत आडवा पडून होता. नाव बारक्या असलं तरी देह भलताच थोरला. पिवळसर लॅब्राडोर, छाती परातीएवढी, तोंडावर आता पांढरी झाक आलेली. त्याने एक डोळा उघडला, डब्याकडे बघितलं, आणि हे आपल्याच भल्याचं चाललंय अशा समजुतीने परत मिटला.

"आज तरी गप ऱ्हा," गहिनीनाथ म्हणाला. "ते यायच्या आत तो डबा वत. आन् मी काय सांगतो ते ऐक. साहेबाचं कुत्रं हाय, साहेबाला देऊन टाक. आता त्यांच्याच बंगल्याची बाग माझ्याकडं हाय. मोठ्या मान्साशी वाकडं घेऊन आपलं काय भलं व्हनार हाय?"

"दिलं की," झुंबरबाई म्हणाली. "दिलंच समजा. तुमी गाल नीट करा, तिकडचा ऱ्हायलाय."

पण तिच्या आवाजातला गोडवा ऐकून गहिनीनाथचा हात थांबला. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. बायको भांडत असली की भिण्यासारखं काही नसतं. ती गोड बोलायला लागली की मात्र चप्पल कुठे आहे ते बघून ठेवावं.

भिंगारच्या बाजारामागे, लष्करी कँपाच्या कडेला माळी, धोबी, स्वयंपाकी अशा लोकांच्या खोल्यांची एक रांग आहे. झुंबरबाईचं घर त्या रांगेत शेवटचं, म्हणून तिच्या वाट्याला जरा अंगण आलं होतं. नवरा बंगल्यांच्या बागा बघायचा, ती बंगल्यांतली धुणीभांडी. चार वर्षांपूर्वी ती स्नेहल मॅडमकडे कामाला होती. मॅडम मनाने चांगली. कपबशी फुटली तर बोलायची नाही, दिवाळीला साडी द्यायची ती नवीकोरी. त्यांची लेक सृष्टी तेव्हा लहान, कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची. आणि कुत्रा म्हणजे हाच. तेव्हा त्याचं नाव होतं ऑस्कर.

मग साहेबांची बदली झाली. पार तिकडे, आसामच्याही पलीकडे. ट्रकमध्ये सामान चढलं, कुंड्या वाटल्या गेल्या, आणि शेवटच्या दिवशी मॅडमने पट्टा झुंबरबाईच्या हातात दिला. "दोन महिने सांभाळा, झुंबरबाई. तिकडे घर लागलं की लगेच नेऊ. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही माझा."

या शेवटच्या वाक्याने घात केला. आपल्यावर कुणाचा विश्वास आहे म्हटलं की माणूस हत्तीसुद्धा दारात बांधून घेतो.

दोन महिने गेले. तिसरा गेला. ऑस्कर रोज सकाळी सुटून कँपाच्या रस्त्याने पळायचा आणि त्या रिकाम्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसायचा. झुंबरबाई दोरी घेऊन मागे. पुढे तिथे दुसरं कुटुंब आलं, तरी हा बसायचाच. त्यांनी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा काठी बसली. लंगडत घरी आला आणि खायचा बंद झाला. मॅडमने ठेवलेलं त्याच्या खाण्याच्या गोळ्यांचं पोतं तसंच पडून. वर पावसाळ्यात गोचीड इतके लागले, की हात फिरवला तर अंगावर भिजवलेले हरभरे चिकटवल्यासारखे लागायचे. एका सकाळी नाकातून रक्त आलं.

शेजारच्या सत्तारने रिक्षा काढली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, त्या पांढऱ्याफटक. गोचीड ताप. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. झुंबरबाई रोज दवाखान्याच्या फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची आणि तिथूनच मॅडमला फोन लावायची. एकदा लागला. "अगंबाई! इथे नेटवर्कच नाही हो. मी करते हं उलटा फोन." उलटा फोन आला नाही. मग घंटी वाजायची आणि वाजतच राहायची. मग तीही वाजेना.

कुत्रं वाचलं. तोवर झुंबरबाईच्या मनात राग नव्हता. मोठी माणसं, मोठे व्याप, असंच ती धरून चालली होती. राग आला तो पुढे, आणि आला तो कायमचाच राहायला आला.

झालं असं. सत्तारची मुलगी सुमैरा सृष्टीच्या वर्गात होती. एक दिवस ती मोबाईल घेऊन आली. "काकू, सृष्टीचा फोटो आलाय बघा." मागे डोंगर, डोंगरावर बर्फ, सृष्टी हसतेय, आणि तिच्या मांडीवर पिवळं, मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखं कुत्र्याचं पिल्लू. झुंबरबाई म्हणाली, "बरं झालं बाई, पोरीला सोबत झाली." खरंच म्हणाली तसं.

"खाली लिहिलंय," सुमैराने वाचलं, "'आमचा ऑस्कर'."

"हां, आपल्याची आठवन काढली आसंल."

"नाही काकू. या पिल्लाचंच नाव ऑस्कर ठेवलंय."

झुंबरबाईला ते समजायला जरा वेळ लागला. तिने मोबाईल हातात घेतला, पदराने पुसला, परत बघितला. मग सुमैराला परत दिला आणि चुलीपाशी जाऊन बसली. रात्री गहिनीनाथला तिने एवढंच सांगितलं, "नाव नेलं न् कुत्रं ठेवलं. मान्सं भांडीकुंडी तरी नीट वाटून घेत्यात."

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याचं नाव बदललं. आधी तिने साहेबांच्या हुद्द्यावरून 'मेजर' ठरवलं होतं. दारात उभी राहून "ए मेजर, लाज हाय का?" अशी एक हाक मारूनही झाली होती. पण गहिनीनाथने हात जोडले, "माझी नोकरी जाईल, बाई." मग तिने असं नाव शोधलं, की जे मॅडमच्या तोंडात सात जन्मात येणार नाही. बारक्या.

"एवढं थोरलं धूड न् बारक्या?" सत्तार हसला होता.

"हसा. तिला ऐकू गेल्यावर बघू कोन हसतंय ते."

आणि मग तिने त्याला विसरायला शिकवलं. गल्लीतल्या पोरांना ताकीद होती, जुनं नाव घ्यायचं नाही. कुणी घेतलंच आणि बारक्याचे कान उभे राहिले, की झुंबरबाई ताट उचलून आत जायची. बारक्या म्हटल्यावर वळला, की मांडीवर थाप मारून भाकरीचा तुकडा. पुढे पुढे ती हाक आधी मारायची, थाप मग, आणि ताट तर हातात असायचंच. पहिल्या वर्षी जुन्या नावाला कान उभे राहायचे. दुसऱ्या वर्षी एकच कान. आता काहीच नाही.

त्याला जपलं मात्र असं, की बघणाऱ्याला वाटावं काय माया आहे बाईची! माया होतीच, पण तिच्याखाली जाळ रागाचा होता. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला कांदा विष असतो. कांद्याच्या मुलखात, जिथे कांद्याशिवाय फोडणीला तोंड उघडता येत नाही, तिथे झुंबरबाई रोज त्याच्यासाठी बिनकांद्याचं वेगळं शिजवायला लागली. "देवाला नैवेद्य, न् ह्याला नैवेद्य," गहिनीनाथ म्हणायचा. "देवाचा वर्सातनं दोनदा तरी चुकतो." पिसाळू नये म्हणून दरवर्षीची सुई ती चुकवायची नाही. मटणाची शिजवलेली हाडं बंद, कारण ती आतड्यात टोचतात. पाथर्डी रोडवरच्या गाड्यांखाली येऊ नये म्हणून अंगणाला जाळी ठोकून घेतली. रोज गोचीड बघायचे, एकेकाला नाव द्यायचं आणि बुडवायचं. वाट बघणारी माणसं अंगाने वाळतात असं म्हणतात. झुंबरबाईने वाट बघण्यावर एक कुत्रं पोसलं होतं.

कारण मॅडम येणार, हे तिला ठाऊक होतं. कधी ना कधी येणार. तेव्हा हे कुत्रं तिच्यापुढे असं उभं राहिलं पाहिजे, की तिच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. आणि तिने हाक मारल्यावर याने मान वळवता कामा नये. एवढंच. यापेक्षा जास्त झुंबरबाईने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि यापेक्षा कमीत तिचं भागणारही नव्हतं.

साहेबांची बदली परत इकडेच झाली. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा गहिनीनाथ निरोप घेऊन आला. "रयवारी येनार हायेत. ऑस्करला बघायला. सृष्टी बेबी म्हनती घेऊनच जायचं."

ऐकून तिने नुसतं "बरं" म्हटलं होतं.

दहाच्या सुमाराला सत्तार रिक्षा पुसून आला. तिने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"सत्तारभाई, मागनं हाक मारा. जुन्या नावानं."

"कितीदा मारू, वैनी? काल मारली, परवा मारली. माझ्या तोंडून ते नाव हास्करच निघतं."

"आज शेवटची. जरा मॅडमसारकी मारा. लाडात."

सत्तारने आजूबाजूला बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि नाजूक आवाज काढला, "ऑऽस्कर... बेटाऽऽ..."

समोरच्या खोलीतली बाई खिडकीतून डोकावली. खुराड्यातला कोंबडा दचकला. बारक्या मुंग्यांची रांग बघत होता, तो बघतच राहिला.

"इसरला!" झुंबरबाईने हातावर टाळी घेतली. "पार इसरला."

"इसरला म्हणजे काय, लई मोठा साहेब झालाय," सत्तार म्हणाला. "काल फाटक उघडं होतं, तर गल्लीत आडवा बसला होता. मी हॉर्न देऊन देऊन थकलो, हलेल तर शपथ. शेवटी मीच रिक्षा मागं घेतली."

"धीराचा हाय. आदी दिवाळीला खाटंखाली जाऊन कापायचा. यंदा दारात लवंगी माळा लागल्या, तर हा आपला गाढ झोपलेला. मन घट झालं की भ्या जातं."

हे तिने अशा अभिमानाने सांगितलं, की गहिनीनाथ तोंड उघडून काही बोलणार होता, तो परत टॉवेलने तोंड पुसायला लागला.

गाडी आली तेव्हा दुपार कलून उन्हं शेवग्यावरून खाली उतरली होती. झुंबरबाईने सगळी मांडणी आधीच करून ठेवली होती. बारक्याची सतरंजी पार मागे, खुराड्यासमोर, पाठ फाटकाकडे. आणि पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या फाटकाला लागून.

स्नेहल मॅडम उतरली. केसांत एक रुपेरी बट आली होती, चेहरा ओढल्यासारखा. मागून सृष्टी, उंच झालेली, ओठ आवळलेली. गाडीच्या मागच्या काचेतून एक तरणाताठा पिवळा लॅब्राडोर डोकं बाहेर काढून जीभ लोंबवत होता. तो कोण, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"झुंबरबाई, ओळखलंत ना?"

"तुमाला कोन इसरंल? बसा. चा ठेवलाय." मग तिने पदर खोचला आणि चार वर्षं घोटून ठेवलेलं पहिलं वाक्य सोडलं, "दोन म्हयन्याचं सांगून गेल्ता. तिकडं म्हयना लांब असतो का वो, मॅडम?"

गहिनीनाथ खोकला. मॅडमने मान खाली घातली.

"बोला तुम्ही. तुमचा हक्क आहे. तिकडची थंडी, मग सासूबाईंचं आजारपण... ही सगळी कारणंच झाली. खरं सांगू? आधी दोनतीनदा फोन उचलायचा राहिला. मग लाज वाटायला लागली. जेवढे दिवस गेले तेवढी जास्त. मग तुमचं नाव दिसलं तरी हात पुढे व्हायचा नाही."

"लाज तुमाला वाटली. उपाशी ते ऱ्हायलं."

"आजारी होता का?"

"मरत हुता. दवाखान्याच्या फरशीवर. तुमच्याच फाटकात बसून बसून."

सृष्टीने आईकडे बघितलं. त्या बघण्यात झुंबरबाईचं अर्धं काम झालं. ही गोष्ट त्या पोरीला कुणी सांगितली नव्हती.

"आन् नाव?" झुंबरबाई म्हणाली. "दुकानात दुसरं नाव नव्हतं?"

"ही रडायची थांबेना," मॅडम हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तीच हाक घरात राहिली तर... तेव्हा जे सुचलं ते केलं मी."

"मला नव्हतं पाहिजे ते नाव," सृष्टी पहिल्यांदाच बोलली. "तू ठेवलंस."

गाडीतल्या कुत्र्याने एकदा भुंकून आपण आहोत हे कळवलं. गहिनीनाथला राहवलं नाही. "न्या की, मॅडम. तुमचंच हाय ते. बंगला आता मोठा हाय, दोघं ऱ्हातील सुखानं."

"व्हय, न्या," झुंबरबाई म्हणाली. "पर त्येला इचारून न्या. हितनंच हाक मारा. जवळ जायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, वास द्यायचा न्हाई. तुमच्या हाकंला वळला तर पट्टा मी सोता बांधून देते. न्हाई वळला तर परत ह्या दारात कुत्रं मागायला यायचं न्हाई."

"मावशी, असं नको ना," सृष्टी म्हणाली.

"असंच."

मॅडम उठली. तिने दोन पावलं पुढे टाकली, झुंबरबाईचा चेहरा बघून तिथेच थांबली. लांब, कोंबड्यांसमोर, ती रुंद पिवळी पाठ श्वासाने वर-खाली होत होती.

"ऑस्कर."

शेवग्याचं एक पान गिरक्या घेत खाली आलं.

"ऑस्कर! बेटा, इकडे बघ. मी आलेय. ऑस्कर!"

दुसऱ्या हाकेला आवाज चिरकला, तिसरी तर रडण्यातच आली. आणि त्याच वेळी मागे धप्पकन आवाज झाला. गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून तो तरणा कुत्रा बाहेर उडी मारून आला, पट्टा फरफटत फाटकातून आत शिरला, आणि मॅडमच्या पायाशी शेपटी आपटत, मान वर करून, शहाण्यासारखा बसला. हाक मारली होती ना? आला होता तो.

मॅडमने त्याच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबला.

बारक्या कोंबड्या बघत होता.

"आता बेबी, तू मार," झुंबरबाई म्हणाली. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काही लागत नाही.

"मी नाही मारणार हाक," सृष्टी म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली.

चहा तसाच निवला. मॅडमने जाताना झुंबरबाईचा हात धरायला हात पुढे केला होता, पण झुंबरबाईने त्याच वेळी कपबशा उचलल्या. "तुमचाच आहे तो," मॅडम म्हणाली. "छान ठेवलंय तुम्ही त्याला. माझ्याकडे असता तर इतका..." वाक्य अर्धंच राहिलं. गाडी वळली आणि बाजाराच्या तोंडाशी गर्दीत अडकून उभी राहिली.

झुंबरबाई अंगणात आली. जे हवं होतं ते सगळं झालं होतं, मागितल्यापेक्षा कांकणभर जास्तच. तिला वाटलं होतं, आतून काहीतरी गोड वर येईल. तसं काही येईना, म्हणून तिने आनंदाला जरा मदत केली. जोरात हाक मारली, "बारक्या! आरं, जिकलो आपन! ये!"

हातात ताट नव्हतं. मांडीवर थाप मारायचंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बारक्या कोंबड्या बघत होता.

"बारक्या!"

ती थांबली. मग कठड्यावरच्या पातेल्यावरचं झाकण तिने उचललं आणि त्याच्या मागे फरशीवर सोडून दिलं. खणखणाट झाला. कोंबड्या चारी दिशांना उधळल्या, शेजारणीचं तान्हं रडायला लागलं. बारक्याने कोंबड्या का उधळल्या म्हणून आश्चर्याने इकडे तिकडे बघितलं. मागे त्याने बघितलं नाही. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

लवंगी माळा. सत्तारचा हॉर्न. दुसऱ्या वर्षी उभा राहिलेला तो एकच कान. सगळं तिच्यापुढे ओळीने येऊन उभं राहिलं. तो विसरला नव्हता. तिने शिकवलेलं काहीच त्याला लागलं नव्हतं. फक्त म्हातारपण लागलं होतं. आणि आपण ज्या वळण्याचा अभिमान धरला, ते हाकेला नव्हतंच. तो ताट बघून वळत होता.

"आवं," ती गहिनीनाथकडे न बघता म्हणाली, "ह्येला ऐकू येत न्हाई."

"व्हय."

"तुमाला ठाव हुतं?"

"पावसाळ्यापासनं. मला वाटलं, तुला कळलं आसंल."

"मग आता का न्हाई बोलला? हाक मारा म्हनले तवा? साहेबाचं कुत्रं साहेबाला द्यायचं म्हनत हुता की सकाळधरनं!"

गहिनीनाथ पायरीवरची साबणाची वाटी उगाच विसळायला लागला. "त्वांडानं म्हनत हुतो," तो म्हणाला. "बोललो असतो तर नेलं असतं ना त्येला."

फाटक वाजलं. सृष्टी एकटीच आली होती, धापा टाकत. गाडी अजून बाजारात अडकलेली असणार.

"आई रडतेय," ती म्हणाली. "मी उतरून आले. मावशी, मला एकदा हात लावू दे त्याला. पैज आईची होती. माझी नव्हती."

झुंबरबाईला नाही म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. या पोरीने हात लावला तर काय होणार, हे तिला आता स्वच्छ कळत होतं. तिने पोरीकडे बघितलं, मग त्या रुंद, बिनधोक पाठीकडे.

"पुढनं जा," ती म्हणाली. "मागनं हात लावलास तर दचकंल. त्येला ऐकू येत न्हाई."

सृष्टी जागीच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे मघाशी..."

"जा म्हनलं ना."

सृष्टी वळसा घालून पुढे गेली आणि मातीत गुडघे टेकून बसली. हात पुढे केला. बारक्याने सवयीने हुंगला, सोडला. परत हुंगला. मग त्याचं नाक तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून गळ्यापर्यंत भराभर चढत गेलं. तो उठायला लागला. मागचे पाय घसरले, परत उठला. पाठीपासून शेपटीपर्यंत सगळं अंग हलायला लागलं. आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला, बारीक, लांबलचक, पिल्लाचा असावा तसा. इतक्या वर्षांत, इतक्या बिनकांद्याच्या भाकऱ्या खाऊन, तो आवाज त्याने झुंबरबाईसाठी एकदाही काढला नव्हता.

सृष्टीने त्याच्या पोटात तोंड खुपसलं. झुंबरबाई खाली पडलेलं झाकण उचलून पदराने पुसत राहिली. ते पहिल्या फटक्यातच स्वच्छ झालं होतं.

बाजाराकडून गाडीचा हॉर्न आला, थांबून थांबून, कुणाला तरी बोलावल्यासारखा. सृष्टी उठली. गुडघ्यांना माती, गालांना केस चिकटलेले.

"मी येत जाऊ, मावशी? शाळेतून येताना?"

"ये. पर त्या दुसऱ्याला आनू नको. ह्येच्या ताटाला त्वांड लावंल."

"आणि आईला सांगू? त्याला ऐकू येत नाही म्हणून तो... तो विसरला नाहीये ते?"

गहिनीनाथने मान वर केली. झुंबरबाईने झाकण पातेल्यावर ठेवलं, नीट बसलंय ना ते बघितलं.

"सांग," ती म्हणाली. "तुजी आई हाय, सांगायलाच पायजे. पर उद्या सांग."

"उद्या का?"

"ह्यो चार वर्सं फाटकाकडं बघून झोपला, बाई. तुझ्या आईला एक रात झोपू दी तशी."

सृष्टीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मोठ्या माणसांसारखं बघणं होतं ते. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि पळत गेली.

बारक्या तिच्यामागे जाळीपर्यंत गेला. जाळीला नाक लावून उभा राहिला, ऊन पार कौलांवर चढेपर्यंत.

झुंबरबाईने गोचिडांचा डबा मोरीत ओतला. भाकरी कुस्करली, बिनकांद्याचा रस्सा घातला, ताट हातात घेतलं. मग ते खालीच ठेवलं, आपल्या मागे, दिसणार नाही असं. ती पायरीखाली जमिनीवर बसली. हाकेला आता अर्थ नव्हता. ना त्या नावाच्या, ना या. तिने तळहात उचलला आणि मातीवर थाप मारली. जोरात, जमिनीला कळेल अशी.

बारक्याच्या पायांना ते कळलं. त्याने मान वर केली.

आधी त्याने रस्त्याकडे बघितलं.

झुंबरबाईने आणखी एकदा थाप मारली.